सिनेमा थिएटरबाहेर पडला, मग फिल्म स्टडीजमध्ये आता शिकायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे की फिल्म स्टडीजमध्ये एमए करायची इच्छा आहे, पण आता सगळं फोनवर, टीव्हीवर, रील्समध्ये चाललंय, थिएटरला जाणं कमी झालंय, तर हा विषय टिकणार का आणि त्यात आता नेमकं शिकायचं काय. वीस वर्षांहून जास्त काळ हेच शिकवतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विषय टिकणार. आणि खरं सांगू का, मी शिकत होते तेव्हा तो इतका इंटरेस्टिंग नव्हता जितका आत्ता झालाय. बदल झालाय तो मुळाशी झालाय, म्हणजे असं की आमच्या विषयाने थिएटर कायम गृहीत धरलं होतं. अंधार, मोठा पडदा, डोक्यावरून जाणारा प्रकाशाचा झोत, शेजारी अनोळखी माणसं, आणि एकदा सुरू झाला की आपल्यासाठी न थांबणारा सिनेमा, हे सगळं इतकं उघड होतं की ते लिहायची गरजच कुणाला वाटली नाही. आता ते गृहीत गेलं, आणि गेल्यावर लक्षात येतंय की सिनेमाबद्दल म्हणून आपण जे बोलत होतो त्यातलं बरंचसं खरं तर थिएटरबद्दल होतं.

१९७० च्या दशकातली थिअरीच घ्या, जी अजूनही जवळपास प्रत्येक सिलॅबसमध्ये असते. ज्याँ-लुई बोद्री यांनी १९७० आणि १९७५ च्या लेखांत सिनेमाच्या यंत्रणेची मांडणी केली, त्यात प्रेक्षक खुर्चीत जखडल्यासारखा बसलेला, प्रोजेक्टर मागे, पडदा पुढे, आणि प्लेटोच्या गुहेतल्या, भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं मानणाऱ्या कैद्यांशी त्याची तुलना. लॉरा मल्व्ही यांचा १९७५ चा लेख, ज्यातून 'मेल गेझ', म्हणजे पडद्यावरच्या बाईकडे बघणारी पुरुषी नजर, हा शब्द सगळीकडे पसरला, त्यातसुद्धा हॉलमधला काळोख आणि पडद्यावरचा उजेड यांच्यातला फरक हा युक्तिवादाचा भाग आहे, सजावट नाही. मग फोन हातात धरून, मध्येच मेसेज बघत, दिवसाउजेडी सिनेमा बघणाऱ्या माणसाला हे लागू होतं का? काही प्रमाणात होतं, काही नाही, आणि कुठलं होतं नि कुठलं नाही हे नीट वेगळं काढणं हेच आता काम आहे. याच मल्व्हींनी २००६ मध्ये एक आख्खं पुस्तक लिहिलं ते पॉजचं बटण हातात आलेल्या प्रेक्षकावर. आपण तीस वर्षांपूर्वी मांडलेल्या प्रेक्षकाच्या हातात आता रिमोट आहे हे मान्य करून पुन्हा पहिल्यापासून विचार करायचा, याला मोठेपणा लागतो, मला त्याचं फार कौतुक आहे.

वर्गातली एक गोष्ट सांगते. एका विद्यार्थ्याने एका सिनेमातल्या लांब शॉटबद्दल लिहिलं होतं की जवळजवळ मिनिटभर काहीच घडत नाही, दिग्दर्शकाला रिकामपण दाखवायचंय. शॉट असा होता, उघडं माळरान, दोन तृतीयांश आकाश, आणि अगदी क्षितिजाजवळ एक ठिपका जो हळूहळू मोठा होत होत चालत येणारा माणूस ठरतो. त्याने तो फोनवर बघितला होता, ब्राइटनेस कमी ठेवून, आणि त्या आकारात तो ठिपका त्याला दिसलाच नव्हता. मग आम्ही तोच शॉट प्रोजेक्शन रूममध्ये मोठ्या पडद्यावर लावला तर दहाव्या-बाराव्या सेकंदाला दोघातिघांनी आपोआप बोट केलं, कुणीतरी येतंय! पडदा मोठा असला की डोळे भटकतात, शोधतात, आणि सापडलं की माणूस त्या ठिपक्याला धरून बसतो. आता त्या मुलाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याच्यासमोर जो शॉट होता तो खरंच रिकामा होता. चूक इतकीच की आपण कुठला शॉट बघितला हे त्याने लिहिलं नव्हतं. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक पेपरच्या सुरुवातीला दोन ओळी सक्तीच्या आहेत, कुठल्या कॉपीवर बघितलं, किती मिनिटांची होती, कुठल्या पडद्यावर, सलग की तुकड्यांत, आणि स्पीड वाढवून बघितलं असेल तर तेही. सुरुवातीला पोरांना वाटतं मी पकडायला बसलेय, तसं अजिबात नाही.

आता एक गैरसमज. हलती चित्रं थिएटरमध्ये जन्माला आली आणि आत्ता बाहेर पडली असं नाहीये. ल्युमिएर बंधूंचा पॅरिसमधला तिकीट लावून केलेला पहिला खेळ २८ डिसेंबर १८९५ चा, पण त्याच्या दीडेक वर्ष आधी, एप्रिल १८९४ मध्ये न्यूयॉर्कला एडिसनच्या किनेटोस्कोपचं दुकान सुरू झालं होतं. लाकडी पेटी, वर भिंग, एका वेळी एकच माणूस वाकून बघणार, आत फिल्मची पट्टी लूपमध्ये फिरणार, काही सेकंदांचा खेळ. एकटा माणूस, छोटं चित्र, लूप! त्यानंतरही कमी रुंदीच्या, स्वस्त फिल्म निघाल्या, १९२३ मध्ये १६ एमएम आली, १९३२ मध्ये ८ एमएम, आणि सिनेमा घरात, शाळेत, कारखान्यात, सैन्याच्या ट्रेनिंगमध्ये पोचला. हे सगळं आमच्या विषयाने कित्येक दशकं बाजूला ठेवलं कारण ते 'खरा सिनेमा' नव्हतं. आता थिएटरचं महत्त्व ढळल्यावर मागे वळून बघताना दिसतंय की थिएटर हा एक मोठा, देखणा, पण तरीही एक टप्पा होता. त्यामुळे शैक्षणिक फिल्म, कारखान्यांच्या फिल्म, लोकांनी घरी काढलेली रिळं यांच्यावर गेल्या काही वर्षांत खूप चांगला अभ्यास होतोय, विषय शोधत असाल तर इथे भरपूर जागा आहे.

दुसरी गोष्ट, कॉपी. हे मला सगळ्यात जवळचं आहे म्हणून थोडं रेंगाळते.

कटिंगचा वेग मोजायची आमच्याकडे एक साधी पद्धत आहे, सिनेमाची लांबी भागिले शॉट्सची संख्या, त्याला अ‍ॅव्हरेज शॉट लेंथ म्हणतात, बॅरी सॉल्ट यांनी १९७० च्या दशकात ती रुजवली आणि २००५ पासून सिनेमेट्रिक्स नावाच्या साइटवर जगभरचे लोक आपापली मोजणी टाकतात. माझ्या दोन विद्यार्थिनींनी एकाच सिनेमाची मोजणी केली, दोघींचे शॉट सारखे आले पण उत्तर जुळेना. सोप्या आकड्यांत सांगते, १००० शॉट्स धरा, एकीचा सिनेमा १०० मिनिटांचा म्हणजे सरासरी ६ सेकंद, दुसरीचा ९६ मिनिटांचा म्हणजे ५.७६. दोघींना वाटलं एकीच्या डिस्कमध्ये सीन कापलाय, म्हणून दोन लॅपटॉप शेजारी ठेवून आख्खा सिनेमा पुन्हा बघितला, एकही सीन गायब नाही! मग कारण सापडलं. सिनेमा शूट होतो सेकंदाला २४ फ्रेमवर, आणि टीव्हीची पॅल सिस्टीम चालते २५ वर, तर पॅलची डिस्क बनवताना सरळ २४ च्या जागी २५ फ्रेम पळवायचे, त्यामुळे सगळा सिनेमा ४ टक्क्यांनी वेगात जातो, आवाजसुद्धा किंचित चढा होतो. कित्येक वर्षं लोक असल्या कॉपी बघून 'लय', 'गती' वगैरेंवर लिहीत होते आणि कुणाला पत्ता नव्हता.

तसंच पॅन अँड स्कॅनचं. १९५३ मध्ये सिनेमास्कोप आल्यावर पडदा रुंद झाला, आणि तेच सिनेमे जुन्या ४:३ टीव्हीवर भरून दाखवायचे तर ४० टक्क्यांहून जास्त चित्र कापावं लागे. दोन माणसं फ्रेमच्या दोन टोकांना उभी राहून बोलतायत, मध्ये मोठी मोकळी जागा, त्या जागेतच सगळा ताण आहे, आणि टीव्हीच्या कॉपीत कुणीतरी टेक्निशियनने मध्येच कट घातलाय, आधी हा मग तो. म्हणजे दिग्दर्शकाने न केलेला कट! आणि आजचं बघा, नवा टीव्ही घेतला की त्यात मोशन स्मूदिंग बहुतेक वेळा आधीच चालू असतं, टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनाने नवी फ्रेम तयार करून टाकतो आणि सिनेमा गुळगुळीत, मालिकेसारखा दिसायला लागतो. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा, आधी हे करा मग पुढचं वाचा. स्ट्रीमिंगवर तर आणखी अवघड, तिथे फाइल गुपचूप बदलते, गाणं बदलतं, एखादं दृश्य जातं, आणि पुस्तकाला जशी आवृत्ती छापलेली असते तसं काहीच नसतं. म्हणून सांगते, थोडं टेक्निकल शिका. फ्रेम रेट, अ‍ॅस्पेक्ट रेशो (चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण), कॉम्प्रेशन (फाइल लहान करताना चित्रातलं काय जातं) म्हणजे काय एवढं तरी. पूर्वी हे प्रोजेक्शनिस्टचं काम समजलं जायचं, आता ते अभ्यासकाचं आहे.

आता रील्स. मला बरेच सहकारी विचारतात की यात बघण्यासारखं काय आहे. मी वर्गात वीसेक सेकंदांचा एक साधा व्हिडिओ घेते, एक मुलगी दारात उभी, कॅमेऱ्यावर ओढणी फेकते, चित्र झाकलं जातं, ओढणी खाली पडते तर कपडे बदललेले. दहा वेळा लावते आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बघायला सांगते. चेहरा फ्रेमच्या मध्यावर नाही, थोडा वर आहे, कारण उजवी कड आणि खालचा पट्टा अ‍ॅपची बटणं नि कॅप्शन खातात, म्हणजे फ्रेम कुणी आखली, तिने की इंटरफेसने? पहिल्या सेकंदाला मोठ्या अक्षरांत मजकूर, कारण तेवढ्यात बघणाऱ्याचा अंगठा ठरवणार असतो. ओढणी लेन्सवर येते ती बरोबर गाण्याच्या ठोक्यावर, आणि ते गाणं हजारो लोकांनी वापरलेलं तयार ऑडिओ आहे, म्हणजे आधी आवाज ठरला आणि त्यावर चित्र बेतलं, एडिटिंगच्या टेबलावर सहसा चालतं त्याच्या उलट. आणि शेवटच्या फ्रेमला तिचा हात पुन्हा वर जातो, त्यामुळे शेवट सुरुवातीला जाऊन चिकटतो आणि दुसरी फेरी कधी सुरू झाली ते कळत नाही. हे सगळं शॉट बाय शॉट बघायची सवय असलेल्यालाच दिसतं, आणि ती सवय आमचा विषय लावतो.

इथे जुना इतिहास कामाला येतो. १९७८ मध्ये ब्रायटनला फिल्म आर्काइव्ह्जच्या जागतिक संघटनेची परिषद झाली, तिथे १९०० ते १९०६ च्या शेकडो फिल्म्स एकत्र बघायला मिळाल्या, आणि तोवर ज्यांना 'कच्चा, बाळबोध सिनेमा' म्हणत होते त्या वेगळ्याच दिसायला लागल्या. टॉम गनिंग आणि आंद्रे गोद्रो या सिनेमाच्या इतिहासकारांनी त्यातून मांडलं की सुरुवातीचा सिनेमा गोष्ट सांगायच्या मागे नव्हता, तो दाखवत होता, कॅमेऱ्याकडे बघून प्रेक्षकाला थेट साद घालत होता. रील्सवर लिहिणारा जवळपास प्रत्येक जण आता हा मुद्दा काढतो, बरोबरच आहे, पण मला वाटतं तिथेच थांबू नये. किनेटोस्कोपच्या पेटीला आपल्यात कोण वाकून बघतंय याचा पत्ता नव्हता. फीड मात्र बघणाऱ्याला सतत बघत असते, कुठे थांबला, किती वेळ, परत बघितलं का, आणि त्यावरून पुढचा व्हिडिओ ठरतो. म्हणजे दोन व्हिडिओंच्या मधला कट कुणी कलाकार करत नाही, तो अ‍ॅपच्या हिशेबाने ठरतो. माँटाजवर, म्हणजे शॉट जोडून अर्थ घडवण्यावर, शंभर वर्षं लिहिलेल्या आपल्या विषयाला याबद्दल काही म्हणायचं नसेल तर कुणाला असणार.

अडचण पद्धतीची आहे. कॉपीचे फरक सोडले तर सिनेमा सगळ्यांसाठी एकच असतो, तुम्ही बघा मी बघते मग भांडू. फीड प्रत्येकाची वेगळी, तिला सुरुवात नाही शेवट नाही, आणि काल काय आलं होतं ते आज दाखवता येत नाही. आम्ही सध्या असं करतो की स्वतःच्या अकाउंटवर अर्धा तास आणि कोऱ्या नव्या अकाउंटवर अर्धा तास स्क्रीन रेकॉर्ड करायचा, मग दोन्ही सिनेमासारखे बघायचे, काय कशानंतर आलं, आपण कुठे थांबलो. परिपूर्ण नाही पण हातात काहीतरी राहतं. यासाठी समाजशास्त्रातली, मानववंशशास्त्रातली निरीक्षणाची पद्धत शिकावी लागते, आणि नैतिकताही. सिनेमातला नट त्या कामासाठी उभा असतो, पण रीलमधली मुलगी तुमच्या प्रबंधात यायला तयार झालेली नसते. व्हिडिओ पब्लिक आहे म्हणून तिचा चेहरा, तिचं अकाउंट छापायचं हे मला पटत नाही, वर्णन करा, चेहरा ब्लर करा, शक्य असेल तर विचारा.

लिहिण्याची पद्धतही बदलली. फ्रेंच अभ्यासक रेमों बेलूर यांनी १९७५ मध्ये खंत मांडली होती की सिनेमा शब्दांत उद्धृत करता येत नाही, कवितेच्या ओळीसारखी ओळ उचलून लेखात ठेवता येत नाही. आता येते. व्हिडिओ एसे, म्हणजे सिनेमाच्या क्लिप्सच रचून केलेला निबंध, हा प्रकार संशोधन म्हणून मान्य झाला, २०१४ पासून इन ट्रान्झिशन हे जर्नल फक्त असलेच व्हिडिओ, रीतसर रिव्ह्यू करून छापतं. मार्ग सोपा नव्हता, अमेरिकेत २००६ पर्यंत वर्गात दाखवायला क्लिप्स कापायच्या म्हणून प्राध्यापकाने डीव्हीडीचं लॉक तोडणंसुद्धा बेकायदा होतं, त्या वर्षी फिल्म आणि मीडियाच्या प्राध्यापकांना सूट मिळाली, मग २०१० मध्ये ती वाढली. पण माझं स्पष्ट मत आहे की क्लिप्सवर व्हॉइसओव्हर टाकला की व्हिडिओ एसे होत नाही. दोन शॉट शेजारी ठेवल्यावरच जे दिसतं आणि वाक्यात सांगून दिसत नाही, ते ज्यात आहे तो खरा. एडिटिंग शिका, तीन महिन्यांत कामापुरतं येतं.

जपणुकीबद्दल थोडंच बोलते. अमेरिकेतले १९१२ ते १९२९ मधले मूक कथापट, साधारण ११ हजार, त्यातले मूळ स्वरूपात उरलेत सुमारे १४ टक्के, हे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालात आहे. वाटतं की डिजिटलमुळे हा प्रश्न सुटला. सुटलेला नाही. २००७ मध्ये ऑस्करवाल्या अकॅडमीने हिशेब मांडला तेव्हा डिजिटल मास्टर, म्हणजे सिनेमाची मूळ फाइल, वर्षभर सांभाळणं फिल्मच्या तुलनेत जवळपास ११ पट महाग पडत होतं, कारण फिल्म थंड खोलीत ठेवली की राहते, फाइल मात्र दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर हलवावी लागते. व्हाइन हे व्हिडिओ अ‍ॅप आठवतंय का, ६ सेकंदांचे लूप, २०१३ ला सुरू झालं आणि २०१७ च्या जानेवारीत बंद. एक आख्खी शैली, स्वतःचं व्याकरण असलेली, आणि तिचा इतिहास लिहायचा तर आज तुकडे गोळा करावे लागतात. यात करिअर करणाऱ्यांची खरोखर गरज आहे.

मग या सगळ्याला फिल्म स्टडीज म्हणायचं का, यावर आमच्यात वाद आहेत. अमेरिकेतली १९५९ पासूनची अभ्यासकांची संघटना, तिने २००२ मध्ये नावात 'मीडिया' घातलं, तिच्या जर्नलने २०१८ मध्ये. जर्मन दिग्दर्शक हारुन फारोकी यांनी २००० च्या सुमाराला एक वेगळाच वर्ग दाखवला, माणसाने बघण्यासाठी नसलेल्या प्रतिमा, क्षेपणास्त्राच्या टोकावरचा कॅमेरा, कारखान्यातला तपासणी करणारा कॅमेरा, मशीनने मशीनसाठी काढलेलं चित्र. तेही आता आमच्या सिलॅबसमध्ये आहे, आणि एआयने बनवलेला व्हिडिओ, ज्याच्यासमोर कधी काही उभंच नव्हतं, तोही आलाय. नावाचं मला फार वाटत नाही. पण 'कंटेंट' हा शब्द मला मान्य नाही, सगळ्याला एकच नाव दिलं की फरक बघायची गरजच संपते, आणि फरक बघणं हेच तर आपलं काम आहे. आणि मोठ्या पडद्यावरचं स्क्रीनिंग कोर्समधून काढून टाकणाऱ्या डिपार्टमेंटमध्ये जाऊ नका. १९९६ मध्ये अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांनी सिनेमाप्रेमच संपत चाललंय म्हणून लिहिलं होतं, ते सगळं मला पटत नाही, पण न थांबणाऱ्या सिनेमापुढे दोन तास स्वतःला सोपवायचा अनुभव ज्याने घेतलाच नाही त्याला फोनवर काय हरवलं हेही कळणार नाही आणि फोनवर काय नवीन मिळालं तेही नाही.

आता तुमच्यासाठी. प्रवेशाच्या वेळी लेखनाचा नमुना मागतात, तिथे आवडत्या दिग्दर्शकावर स्तुतीचा निबंध देऊ नका, ते आमच्याकडे ढिगाने येतात. एकच दृश्य घ्या, चार-पाच मिनिटांचं. आधी शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर सलग बघा, मग लॅपटॉपवर थांबवत थांबवत प्रत्येक कट लिहून काढा, मग फोनवर आवाज बंद करून बघा. तिन्ही वेळा काय दिसलं आणि काय दिसेनासं झालं तेवढंच लिहा, सहा-सात पानं पुरे. वर दोन ओळींत कॉपी कुठली, किती मिनिटांची, पडदा कुठला ते टाका, आणि टीव्हीवर बघणार असाल तर ते स्मूदिंग बंद केलंय ना हे एकदा तपासा.